टाकीचं पत्र

सिदू,

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले आणि अजून तुझ्या नावाची पत्रं माझ्याकडे येताहेत. नांदेडहून, नागपूरहून, बेळगावहून. रोज सकाळी पावणेसहाला मी कॉलेजात जातो, कॉम्प्युटर चालू करतो, पुण्याचा नंबर लावतो, मोडेम किंचाळतं आणि काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी उतरायला लागतात. “सिद्धनाथ गेले यावर विश्वास बसत नाही.” “सिद्धनाथांमुळे मला वर्गात उभं राहायला जमायला लागलं.” “सिद्धनाथांना मी कधी पाहिलं नाही, पण घरातलं माणूस गेल्यासारखं होतंय.”

ही सगळी माणसं मी जमवलेली. एकेकाचा पत्ता शोधून, फोन करून, कुणाकुणाच्या प्राचार्यांची मनधरणी करून. आपल्या शिक्षकांच्या गटाला ‘पडताळा’ हे नावही मीच दिलं. आणि ती माणसं आज तुझ्यासाठी डोळे पुसताहेत. काल वाचता वाचता मनात आलं, मी गेलो असतो तर यातली किती पत्रं आली असती? आणि खरंच मोजायला लागलो. तीन. नांदेडच्या शकुंतलाताई भल्या आहेत म्हणून फार तर चार.

म्हणजे बघ. माणूस गेल्यावर निदान हेवा तरी थांबावा, तर तोही थांबत नाही.

कोल्हापूरला आपण एका वर्गात समाजकार्य शिकलो. मी सांगलीचा, हेडमास्तरांचा मुलगा. घरात शुद्धलेखनाची चूक म्हणजे गुन्हा. तू म्हसवडकडच्या वाडीतला. घरची मेंढरं, आणि चौथीपर्यंत वर्षातले सहा-सात महिने तूही त्यांच्यामागं मुलूख हिंडलेला. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना मी तयार करून आणलेली पाच वाक्यं म्हटली. तू उभा राहिलास आणि म्हणालास, “मी सिदा. माणसांत बसायचं शिकाय आलोय.” सगळा वर्ग हसला आणि दुपारपर्यंत सगळ्यांना तुझं नाव पाठ झालं. माझं नाव काहींना दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. सुरुवात तिथंच झाली, असं आता वाटतं.

पुढे दोघांच्या वाट्याला एकच काम आलं. गावात एखादी योजना येते, दोन-चार वर्षं चालते, संपते. तिचा लोकांना खरोखर काही उपयोग झाला का, हे कसं शोधायचं ते शिकवायचं. मी सांगलीत कॉलेजातल्या मुलांना शिकवायचो, तू साताऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात ग्रामसेवकांना आणि अंगणवाडीच्या बायकांना. कागदावर विषयाचं नाव सारखंच होतं, कार्यक्रम-मूल्यमापन. मराठीत धड पुस्तक नाही. हा विषय शिकवणारा माणूस कॉलेजात एकटाच असायचा, आणि बाकीच्या प्राध्यापकांना वाटायचं, हा योजनांना मार्क देतो. स्टाफरूममध्ये माझ्या विषयावर बोलायला कुणी नव्हतं. म्हणून सत्त्याण्णव साली कॉलेजात मोडेम आलं तेव्हा मला ती कल्पना सुचली. महाराष्ट्रभर विखुरलेल्या आपल्यासारख्यांनी एकमेकांना ई-मेल लिहावी. आपापल्या वर्गातलं सांगावं, अडलेलं विचारावं, एकमेकांकडून शिकावं.

व्यवस्था साधीच होती. प्रत्येकानं आपलं पत्र मला पाठवायचं आणि मी ते बाकीच्या सगळ्यांना पाठवायचं. मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरं काही उमटतच नव्हतं. सगळे पत्ते माझ्या वहीत. दाराची कडी माझ्या हातात.

पहिले तीन महिने मी फार मेहनत घेतली, सिदू. दर महिन्याला एक विषय ठरवला. नियम केले. उद्दिष्टं, फलितं आणि निर्देशक यांवर बारा पानांचं टिपण लिहिलं. रात्रंदिवस डोक्यात तेच. तीन सकाळी घालवून ते टाइप केलं. मध्ये दोनदा लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून पाठवलं. उत्तरं आली दोन. नागपूरच्या वासनिक सरांचं, “टिपण मिळाले, आभारी आहे.” आणि रत्नागिरीहून एकाचं, “पान सात उमटले नाही.”

मग तुझं आंतर्देशीय पत्र आलं. साताऱ्याच्या केंद्रात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मीच म्हटलं होतं, तू हातानं लिही, मी टाइप करून गटाला पाठवतो. कडेगावजवळच्या एका गावातल्या साक्षरता वर्गाची गोष्ट तू लिहिली होतीस. तपासणीला गेल्यावर सगळ्या बायकांनी पाटीवर आपापली सही करून दाखवली. तू म्हणालास, आता सही पुसा आणि दुसरं काहीतरी लिहा, मनाला येईल ते. सगळ्यांची पाटी कोरी. एकीनं मात्र एका गावाचं नाव लिहिलं. ते तिचं माहेर. आणि ती अक्षरं ती वर्गात शिकली नव्हती. उसाच्या फडातून घरी येताना रोज रस्त्यावर थांबून, माहेरच्या एसटीची पाटी बघून बघून तिनं ती स्वतःच बसवली होती. तू शेवटी एवढंच विचारलं होतंस, “आता सांगा गुरुजी, वर्ग पास का नापास?”

अकरा उत्तरं आली. अकरा! बेळगावच्या एका माणसानं तर दोन दिवसांत दोनदा लिहिलं. इंग्रजी अक्षरांत ‘पाटी’ आणि ‘पती’ सारखंच दिसतं, त्यामुळे शकुंतलाताईंनी आधी ‘सगळ्या बायकांचे पती कोरे होते’ असं वाचलं, आणि तसंही ते खोटं नाही, असं गटाला कळवलं. आठवडाभर गटात हसू होतं. मी नियमात लिहिलं होतं की विषय सोडून लिहू नये. कुणाला नियम आठवला नाही.

ती अकरा उत्तरं मी छापली. प्रिंटरच्या त्या टरटर आवाजात एकेक पान बाहेर येत होतं आणि प्रत्येक पानावर तुझं नाव. पाकिटात घालून, तुझा पत्ता लिहून, पोस्टात मीच टाकली. यापुढे हेच माझं काम होणार, हे तेव्हा कळलं नाही.

तुझं पत्र आलं की शैला आधी वाचायची. चहा उतू जायचा. “अहो, ऐका हे भावजींचं,” म्हणून मलाच मोठ्यानं वाचून दाखवायची. माझं बारा पानी टिपण टेबलावर होतं. त्याच्यावर तिनं भाजीची पिशवी ठेवली. तिचा दोष नाही. मीही ते परत वाचलं नसतं.

आपलं भांडण झालं ते भाषेवरून. टाइप करताना मी तुझ्या ‘न्हाई’चं ‘नाही’ करायचो, ‘लय’चं ‘अतिशय’ करायचो. एकदा छापील प्रत तुझ्या हातात पडली आणि तू केंद्रातून फोन लावलास.

“माधव, हे पत्र कुणाचं रं?”

“तुझंच.”

“माजं न्हाई. माजं पत्र तू धुऊन, इस्त्री करून पाठवलंयस. मला वळखूच येईना.”

“सिदू, हा शिक्षकांचा गट आहे. काहीएक पातळी नको का?”

“बाया माझ्याशी ज्या भाषेत बोलल्या त्याच भाषेत मी लिवलं. तू त्यांचं बोलनं खोडलंस गड्या, माजं न्हाई.”

मी म्हटलं, आपण मूल्यमापन शिकवतो, गप्पा मारायला नाही. तू म्हणालास, “मूल्यमापन म्हंजी तरी काय? नीट केलेली इचारपूसच की.” त्यावर मी म्हणालो, विचारपूस करून अहवाल होत नाही. हे भांडण आपण दीड वर्ष भांडलो आणि ते संपलं नाही. आजही माझं मत तेच आहे, सिदू. नुसत्या विचारपुशीनं अहवाल होत नाही. पण समोरून ‘व्हतो की रं’ म्हणणारं कुणी उरलं नाही, तर मत असूनही काय करू?

त्यानंतर मी तुझी पत्रं जशीच्या तशी टाइप करायला लागलो. मला वाटलं, आता लोक नाकं मुरडतील. ती तर आणखी खूश झाली. वासनिक सरांनी लिहिलं, वऱ्हाडी बोलण्याची आम्हाला लाज वाटायची, यापुढे वाटणार नाही.

आता जतची गोष्ट. ती तुला माहीत आहे, पण तिच्यातली माझी बाजू तुला मी कधी सांगितली नाही.

गट सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात आपण दोघं माझ्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन जत तालुक्यातल्या त्या वस्तीवर गेलो होतो. एका संस्थेनं घरोघरी सिमेंटच्या टाक्या बांधून दिल्या होत्या. छपरावरचं पावसाचं पाणी साठवावं, म्हणजे टँकरची वाट बघत बसायला नको. प्रश्नावली मी तयार केली होती. महिनाभर खपून. सहावा प्रश्न होता, ‘टाकी वापरात आहे का?’ मुलं घरोघर फिरली. सगळीकडे ‘होय’. मी झाडाखाली बसून कागद लावत होतो आणि मनात अहवालाचं पहिलं वाक्य जुळवत होतो.

तू कुठेतरी गायब होतास. मी घरून उकळलेलं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, दिवसभर तेच प्यायचो. तू ज्याच्या दारात जाशील तिथला तांब्या तोंडाला लावायचास. मी तुला दोनदा बजावलं. तू म्हणालास, “पाण्याला न्हाई म्हनलं की माणूस पुढचं बोलत न्हाई.” तेही खरंच होतं. तुझ्यापुढे दारं उघडायची. माझ्यापुढे माणसं उभी राहायची, पदर सावरून, साहेब आल्यासारखी.

दुपारी तू मला हाताला धरून एका म्हातारीच्या घरी नेलंस. ती अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. मेंढरांमागं फिरताना शिकलेलं तुझं कानडी तुला पुरत होतं. तू टाकीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलंस. म्हातारीनं हौसेनं झाकण उघडलं आणि म्हणाली, “नीरु इल्ला, जोळा!” पाणी नाही, जोंधळा. टाकी काठोकाठ जोंधळ्यानं भरलेली. “उंदीर लागत न्हाई बग. लय चांगली टाकी दिली. देव त्यांचं भलं करू दे.”

वस्तीवरची सगळी छपरं पाल्याची. त्यांच्यावरून पाणी वाहून टाकीत येणार कसं? टाकीत पाणी पडलंच नव्हतं कधी. पण टाकी वापरात होती. घरोघरी वापरात होती. माझ्या सहाव्या प्रश्नाला सगळ्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

तू हसला नाहीस. मुलांसमोर तर अजिबात नाही. पण मला वाटलं, आतून हसत असशील. तुझ्या जागी मी असतो तर हसलो असतो.

गट सुरू झाल्यावर वर्षभरानं तू हीच गोष्ट लिहून पाठवलीस. आंतर्देशीय पुरलं नाही म्हणून वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी कॉम्प्युटरसमोर बसून टाइप करायला घेतलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तू लिहिलं होतंस, “प्रश्न चुकला हुता. माझा जोडीदार कागदाचा माणूस. कागदावर टाकी वापरात हुती.”

कागदाचा माणूस. माझी बोटं थांबली. आधीच सगळे तुझे. आता तू त्यांना सांगणार की ज्यानं हा गट उभा केला त्याला साधा प्रश्न विचारता येत नाही. नाव घातलं नव्हतंस, पण माझ्याशिवाय तुझा जोडीदार कोण होता? मी पुढे वाचलं नाही. टाइप केलेलं पुसलं. पानं घडी करून विषयसूचीच्या फाइलमध्ये खाली सारली.

पंधरा दिवसांनी तू फोनवर विचारलंस, “टाकीचं पत्र गेलं का रं? कोन काय म्हनलं?”

मी म्हणालो, “गेलं. कुणाचं काही आलं नाही.”

इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. तू म्हणालास, “जरा लांबलंच हुतं ते.” आणि फोन ठेवलास.

त्यानंतर चार महिने तू लिहिलं नाहीस. माझ्या मनात काय होतं ते सांगतो, लपवत नाही. पहिला महिना बरं वाटलं. मी नवा विषय मांडला, लोकांनी त्यावर चार-पाच पत्रं लिहिली, मला वाटलं, बघा, जमतंय की. दुसऱ्या महिन्यात शकुंतलाताईंनी विचारलं, सिद्धनाथ कुठे आहेत? मी कळवलं, ते कामात आहेत. तिसऱ्या महिन्यात चौघांनी विचारलं. गप्प बसूनही तुझ्याबद्दल जास्त पत्रं येत होती, आणि मी बोलूनही माझ्याबद्दल येत नव्हती. तुझ्या शांततेचाही मला हेवा वाटायला लागला. एवढं सगळं करून शेवटी मी मिळवलं ते हेच.

मग साताऱ्याच्या केंद्रात कॉम्प्युटर येणार असं ठरलं आणि तू शिकायला सांगलीला आलास. सकाळच्या एसटीनं. शैलासाठी माणदेशी घोंगडं घेऊन आला होतास. मी तुला मशीन दाखवलं, पत्र कसं उघडायचं, कसं पाठवायचं. तू दोन बोटांनी तुझं नाव लिहिलंस आणि लहान पोरासारखा खूश झालास.

“माझी आधीची सगळी हितंच हायेत व्हय?”

मी न विचार करता यादी उघडली. तू सावकाश वाचत खाली गेलास. कडेगावची पाटी. वाईच्या अंगणवाडीतला वजनकाटा. बारवेची गोष्ट. शेवटपर्यंत जाऊन तू पुन्हा वर आलास.

“टाकीचं कुठाय?”

“असेल. वेगळ्या ठिकाणी असेल.”

तू माझ्याकडे बघत राहिलास. कोर्टातल्यासारखं नाही, आजारी माणसाकडे बघावं तसं.

“गेलंच न्हाई, न्हवं?”

“नाही.”

बाहेर शिपाई अंगण झाडत होता, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, तू ओरडशील. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालास, “मला वाटलं, माणसांस्नी माजं बोलनं संपल्यालं कळलं. चार म्हैनं मी वर्गातबी नीट बोललो न्हाई गड्या.”

मी म्हणालो, “आत्ता पाठवू. दोघं मिळून टाइप करू.”

“नगं. ऱ्हाऊ दे. शिळं झालं.” तू उठलास, टोपी झटकलीस. दारात थांबलास. “निदान शेवटापतुर वाचायचं तरी हुतंस.”

जेवायला घरी आलास, शैलाशी नेहमीसारखा बोललास, तिला काही कळू दिलं नाहीस. तिनं आग्रह केला म्हणून तिसरी पोळी घेतलीस. दुपारच्या गाडीनं गेलास.

तू गेल्यावर मी कॉलेजात परत आलो आणि फाइल काढली. उरलेली अडीच पानं उभ्या उभ्याच वाचली. शेवटचा भाग मला आता पाठ झाला आहे. तू लिहिलं होतंस :

“पन खरी गोष्ट हितनं फुडं हाय. ह्यो कागदाचा माणूस दुसऱ्या दिशी उठला. पोरांनी भरल्यालं सगळं कागुद त्यानं बाजूला ठिवलं, पोरांस्नी घरी लावून दिलं, आन् चार दिवस उनात एकटा घरोघर हिंडला. नव्यानं इचारलं. टाकीत काय हाय, छप्पर कशाचं हाय, पाणी कुठनं आणता. रातीला पायाला फोड आल्यालं मी बगितल्यात. मला कानडी येतं म्हणून मला म्हातारीनं टाकी दावली, त्यात माजं काय? पन माजं चुकलं म्हनून पयल्यापास्नं चालू करायचं, ते मला जमलं नसतं. मी आसतो तर अहवालात एक ओळ घालून मोकळा झालो आसतो. पोरांस्नी मूल्यमापन शिकवायचं तर ही गोष्ट सांगा. टाकीची न्हाई, त्या चार दिसांची.”

आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलेलं नाही, सिदू. ते पंचवीस शिक्षकांपर्यंत पोचणार होतं. ते मीच अडवलं.

आणि तेव्हा मला काय वाटलं सांगू? लाज वाटलीच. पण लाजेच्या खाली पुन्हा तोच होता. मला वाटलं, हा माणूस असं लिहू शकतो. दुसऱ्याचं चांगलं इतकं उघडपणे, न चाचरता. मी तुझ्या एका तरी पत्राबद्दल गटात चार शब्द लिहिले होते का? तुझ्या मोठेपणाचाच हेवा करत मी ती पानं हातात धरून उभा होतो.

पुढे तू स्वतः लिहायला लागलास. साताऱ्याहून, दोन बोटांनी, सगळी मोठी अक्षरं, विरामचिन्हं नाहीत. पत्रं तूच टाइप केलेली असली तरी गटात जायला माझ्याकडेच यायची आणि मी ती त्याच मिनिटाला पुढे पाठवायचो, न वाचता, हात भाजल्यासारखा. टाकीबद्दल तू एक अक्षर कुणाला कळवलं नाहीस. वासनिक सर एकदा म्हणाले, मध्यंतरी तुम्ही गप्प होता ते का? तू लिहिलंस, घरी सुगी हुती. सुगी चार महिने चालत नाही. कुणीतरी ओळखायला हवं होतं, पण कुणी ओळखलं नाही.

आता घरी येऊन पडणारी ती आंतर्देशीयं बंद झाली. शैलाला चहा करताना वाचायला काही उरलं नाही. तुझं वळणदार तिरकं अक्षर टाइप करायचा मी इतका कंटाळा केला होता, आणि आता साताऱ्याच्या त्या कॉम्प्युटरचा राग यायचा की तुझी पत्रं माझ्याआधी तो वाचतो.

मग कावीळ. आधी तू सुट्टीच घेतली नाहीस, माणमधल्या कुठल्याशा वैदूचं औषध नाकात ओढलंस, आणि साताऱ्यात दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आली असणार. कुठल्या पाण्यातून ते कोण सांगणार? किती दारांतलं पाणी प्यायला होतास तू. दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा माझी उकळलेल्या पाण्याची बाटली माझ्या खांद्याला होती. ती मी कॉटच्या खाली सरकवली, तुला दिसू नये म्हणून.

पारूवहिनी उशाशी बसल्या होत्या. तुझे डोळे पिवळे जर्द झालेले, पण बोलणं तेच. गटातून आलेली पत्रं मी छापून आणली होती, तुला वाचून दाखवली. शकुंतलाताईंनी लिहिलं होतं, बरे व्हा, आमचे पती अजून कोरेच आहेत. तू हसलास आणि हसण्यानं दमलास.

“आन् तू काय लिवलंस?” तू विचारलंस.

“मी कशाला लिहू? मी इथंच आहे की समोर.”

“लिव की. इतकी वर्सं दुनियेची पत्रं मला धाडलीस. तुजं सोताचं एकबी आलं न्हाई रं मला.”

वहिनी म्हणाल्या, “आवं, बोलू नगा आता, दम लागतुय.” मी तेवढं निमित्त धरलं. तुझ्या हातावर हात ठेवला, उद्या येतो म्हणालो. माझं चुकलं, हे दोन शब्द जिभेवर होते. जत तालुक्यात चार दिवस उन्हात फिरलेला माणूस एका कॉटच्या अंतरावर ते बोलू शकला नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीत फोन आला.

गेल्या सोमवारी केंद्रानं मला तुझ्या राहिलेल्या तासांसाठी बोलावलं. समोर अंगणवाडीच्या बत्तीस बायका. मी फळ्यावर व्याख्या लिहिली. त्यांनी निमूट उतरवून घेतली. मग मागच्या बाकावरची एक उठली. जावळीकडची होती. म्हणाली, “सर, आमचं सर आधी इचारायचं, आज येताना वाटंत काय बगितलं? तुमी इचारत न्हाई व्हय?” मी विचारलं. त्या बोलायला लागल्या आणि तास संपला तरी थांबेनात. मी खुर्चीत बसून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, तेवढा तासभर मला कुणाचाही हेवा वाटला नाही. बाहेर आलो, व्हरांड्यात त्यातल्या दोघी डोळे पुसत होत्या, आणि लगेच वाटायला लागला.

वासनिक सरांनी गटाला सुचवलंय की माधवरावांनी सिद्धनाथांवर लिहावं, त्यांना जवळून ओळखणारे तेच. तीन दिवस मी कोरा पडदा बघत बसलो. तू कसा दिलदार, कसा हसरा, ते सगळं त्यांना माहीत आहे. त्यांना जे माहीत नाही ते एकट्या मला माहीत आहे. म्हणून तुझी चारही पानं मी काल संध्याकाळी टाइप केली. एक ‘न्हाई’ बदललं नाही, एक ‘लय’ बदललं नाही. त्याच्याआधी हे माझं पत्र जोडलं आहे. तुला लिहिलेलं पहिलं, आणि उशिरा लिहिलेलं.

यानंतर कदाचित मला पत्त्यांची वही दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावी लागेल. द्यावीच. ज्यानं एकदा दार लावलं त्याच्या हातात कडी ठेवू नये, असं मीच वर्गात शिकवतो, अर्थात वेगळ्या शब्दांत.

सहा वाजायला आलेत. लाइन लागली आहे. पाठवतोय, सिदू. या वेळी उत्तरं माझ्या नावानं येतील. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली तीच, आणि उद्या सकाळी ती उघडायला मला भीती वाटणार आहे.

तुझा,
माधव